घड्याळ कोणाचं? गुरुत्व, त्वरण आणि काळाचा हिशेब

 

बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, तुम्ही जिथे असाल तिथे आत्ता घड्याळात एकच वेळ दिसते आहे. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे काही इतिहास असेल असं वाटतच नाही. आजवर आपण रणांगणांबद्दल पुष्कळ बोललो. आज घड्याळांबद्दल बोलू. प्रश्न दोन आहेत. गुरुत्वामुळे आणि त्वरणामुळे काळ खरोखर संथ होतो का? आणि होत असेल, तर त्याचा देशाच्या संरक्षणाशी काय संबंध?

मुंबईचा टाइम आणि बर्नचा तपासनीस

१ जानेवारी १९०६ रोजी ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तेव्हा नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा बारा वाजतात, हा लोकांचा साधा हिशेब. तो मोडून सरकारने घड्याळ पुढे सरकवायला सांगितलं. मुंबई बिथरली. सभा झाल्या, गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि शहरात 'बॉम्बे टाइम' पुढे १९५५ पर्यंत टिकून राहिला. लोकांचं म्हणणं एवढंच होतं : आमची वेळ तुम्ही कोण ठरवणार?

गंमत बघा. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या पेटंट कार्यालयात, एक तरुण तपासनीस त्याहून मूलगामी प्रश्न विचारत होता. साऱ्या विश्वाला लागू पडेल अशी एकच वेळ मुळात आहे का? १९०५ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी उत्तर दिलं : नाही. आपल्या जागेवरून पाहता, वेगाने जाणारं घड्याळ संथ चालतं. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. उंचावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही. म्हणजे पडण्यात गुरुत्व जणू पुसलं जातं. आणि उलट बाजूने, त्वरणाने वर जाणाऱ्या बंद पेटीतल्या माणसाला आपण जमिनीवर उभे आहोत की पेटी ओढली जातेय, हे आतल्या आत सांगता येत नाही. यालाच समतुल्यतेचं तत्त्व म्हणतात. त्यातूनच निष्कर्ष निघाला की गुरुत्वही काळावर परिणाम करतं.

शेवटच्या रांगेतला ढोल

हा निष्कर्ष कसा निघतो, ते गणिताशिवाय सांगतो. परेडची लांबलचक तुकडी डोळ्यांपुढे आणा. ढोलवाला सगळ्यात मागे. तो बरोबर दर सेकंदाला एक ठोका देतो. तुकडी सारखा वेग वाढवत पुढे चालली आहे. एक ठोका मागून निघून पुढच्या जवानापर्यंत पोहोचेस्तोवर तो जवान आणखी वेगाने पुढे सरकलेला असतो. म्हणून त्याच्या कानावर ठोके एक सेकंदापेक्षा थोड्या जास्त अंतराने पडतात. त्याला वाटतं, मागचा ढोल संथ वाजतोय.

आता तुकडीच्या जागी रॉकेट घ्या आणि आवाजाच्या जागी प्रकाश. रॉकेट त्वरणाने वर जातंय. शेपटीकडच्या घड्याळाच्या प्रकाशखुणा टोकाकडच्या माणसाला उशिरा-उशिराने मिळतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने शेपटीचं घड्याळ मागे पडतं. आणि बंद पेटीत त्वरण व गुरुत्व यांत फरक करता येत नसेल, तर जमिनीवर उभ्या इमारतीतही तेच व्हायला हवं. तळमजल्यावरचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा संथ. खाली काळ सावकाश, वर जलद.

किती? पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ दर एक मीटर उंचीला साधारण एक कोटी कोटी भागांत शंभरावा हिस्सा. आकडा ऐकून हसू येईल. पण चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर. आमच्या इथल्या हवाई तळावरून लडाखला रसद आणि जवान नेणारी विमानं वर्षानुवर्षं उडतात. त्या विमानातून उतरलेल्या जवानाच्या मनगटावरचं घड्याळ, ते पुरेसं अचूक असेल तर, चंडीगडच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३० नॅनोसेकंद पुढे जाईल. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. लेहमध्ये दोन वर्षं काढलेला जवान घरच्यांपेक्षा सुमारे २२ मायक्रोसेकंद जास्त म्हातारा होऊन परततो. थंडीने आणि विरळ हवेने येणारं म्हातारपण वेगळंच, ते या हिशेबात धरलेलं नाही.

पुण्याची दुर्बीण, कोडाईकनालचा वर्णपट

आइन्स्टाइन यांनी आपलं भाकीत तपासायला सूर्य सुचवला. अणू हेसुद्धा घड्याळच. तो ठरावीक वारंवारितेचा प्रकाश सोडतो. सूर्याच्या पृष्ठभागावर काळ संथ असेल तर तिथल्या अणूंच्या वर्णरेषा किंचित तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसायला हव्यात. हे सरकणं वीस लाखांत साधारण चार भाग. दुसऱ्या शब्दांत, सूर्याच्या पृष्ठभागावरचं घड्याळ आपल्यापेक्षा वर्षाला एक मिनिटाहून थोडं जास्त मागे पडतं.

ही मापं घेणाऱ्या जगातल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आपल्या देशात होतं : तमिळनाडूतली कोडाईकनाल वेधशाळा. जॉन एव्हरशेड १९०७ मध्ये तिथे आले, म्हणजे आइन्स्टाइन यांना ती कल्पना सुचली त्याच वर्षी. १९११ ते १९२३ ते संचालक होते. या गोष्टीत पुणेही आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती, आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली.

एव्हरशेड यांचं काम सोपं नव्हतं. सूर्याचा पृष्ठभाग म्हणजे उकळती कढई. तिथले वायू वर येतात, खाली जातात, आणि त्या हालचालीनेही रेषा सरकतात. नेमकं कोणतं सरकणं गुरुत्वाचं आणि कोणतं वाऱ्याचं, हे वेगळं काढायला वर्षं गेली. सुरुवातीच्या मापांवरून भाकीत चुकीचं असावं असंच वाटत होतं. १९२३ च्या सुमारास एव्हरशेड आणि अमेरिकेतले सेंट जॉन हे दोघेही आइन्स्टाइन यांच्या बाजूने झुकले. निर्विवाद पुरावा मात्र अजून दूर होता.

दरम्यान, १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचं इंग्रजी भाषांतर छापलं. भाषांतरकार होते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथे सापेक्षतेच्या संशोधनाची परंपरा उभी राहिली. त्यांचे चिरंजीव जयंतराव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. ती जयंतरावांची होती. त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली होती. कथेचं नाव 'कृष्णविवर'. गुरुत्वाच्या टोकाच्या रूपाशी अनेक मराठी वाचकांची पहिली ओळख अशी कथेतून झाली.

भाभांचं टिपण

वेगामुळे काळ संथ होतो, याचा पुरावा आकाशातून पडत होता. तो कसा वाचायचा हे सांगणाऱ्या पहिल्या लोकांत एक मुंबईकर होता. होमी भाभा तेव्हा केंब्रिजमध्ये होते. १९३८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातल्या एका छोट्या टिपणात त्यांनी लिहिलं, की विश्वकिरणांत सापडणारा नवा अल्पायुषी कण वेगाने जाताना आपल्याला जास्त काळ टिकलेला दिसेल, आणि त्यातून सापेक्षता तपासता येईल.

या कणाला आज आपण म्यूऑन म्हणतो. त्याचं सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी तेवढ्यात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. पण हे कण तयार होतात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर, आणि तरीही जमिनीवर ढिगाने पोहोचतात. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या अंगातून जात आहेत. १९४१ मध्ये अमेरिकेत ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी डोंगरावर आणि खाली असे कण मोजले, आणि वेगवान कणांचं आयुष्य खरंच लांबतं हे दाखवलं.

काळ कशामुळे संथ होतो : हिसक्यामुळे की वेगामुळे?

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत जास्त घोटाळा होतो, तिकडे येऊ. बरेच जण म्हणतात, 'त्वरणामुळे काळ संथ होतो.' हे विधान तपासून घ्यायला हवं.

चंडीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरीकडे रुळांवर रॉकेटने ढकलली जाणारी घसरगाडी आहे. गगनयानाच्या छत्र्यांची चाचणी ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच झाली. समजा अशा गाडीवर एक उत्तम घड्याळ बांधलं. गाडीला जबरदस्त हिसका बसेल. त्या हिसक्याने घड्याळ मोडू शकतं, पण तो घड्याळजीचा प्रश्न झाला, काळाचा नव्हे. घड्याळ टिकलं असं धरलं, तर ते मागे पडेल फक्त वेगामुळे. सेकंदाला ३०० मीटर वेगाने पाच सेकंद धावल्यास फरक सेकंदाच्या एक लाख कोटी भागांपैकी सुमारे अडीच भाग. हिसक्याचा स्वतःचा हिस्सा शून्य.

हे फक्त कागदावरचं नाही. १९७७ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत म्यूऑन एका वर्तुळाकार कड्यात फिरवले गेले. वर्तुळात फिरणं म्हणजे सतत वळणं, आणि वळणं हेही त्वरणच. ते पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एकावर अठरा शून्यं इतक्या पट होतं. म्यूऑनचं आयुष्य २.२ वरून सुमारे ६४ मायक्रोसेकंदांवर गेलं. त्यांच्या वेगावरून जेवढं लांबायला हवं होतं, नेमकं तेवढंच. इतक्या प्रचंड त्वरणाने त्यात काही भर घातली नाही.

मग जुळ्या भावांच्या कोड्याचं काय? एक भाऊ वेगवान यानातून दूर जाऊन परत येतो आणि घरच्या भावापेक्षा तरुण असतो. 'तो वळला, त्याला त्वरण मिळालं, म्हणून तरुण राहिला,' असं सांगितलं जातं. मी याकडे रस्त्याच्या हिशेबाने पाहतो. दिल्लीहून चंडीगडला अंबाल्यावरून सरळ या, किंवा देहरादूनवरून वळसा घालून या. वळशाच्या रस्त्यावर किलोमीटर जास्त पडतात. पण ते जास्तीचे किलोमीटर देहरादूनच्या वळणावर साचलेले नसतात, अख्ख्या वाटेवर पसरलेले असतात. वळण घेतल्याशिवाय वळशाची वाट होत नाही, एवढाच वळणाचा वाटा. काळाचंही तसंच, फक्त नियम उलटा : वळसा घालणाऱ्याचं घड्याळ कमी वेळ दाखवतं.

गुरुत्वाच्या बाबतीतही 'ओढ किती जोराची' हा प्रश्न नाही, 'किती खोल' हा प्रश्न आहे. पृथ्वीच्या अगदी मध्यावर वजन शून्य होईल, कारण चारी बाजूंची ओढ एकमेकींना छेद देते. तरीही तिथलं घड्याळ पृष्ठभागावरच्यापेक्षा संथ चालेल. म्हणूनच पृथ्वीचा गाभा तिच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी तरुण आहे, असा हिशेब निघतो. विहिरीच्या तळाशी पाणी शांत असलं म्हणून विहीर उथळ होत नाही.

थोडक्यात, दोनच खाती लक्षात ठेवा. वेग घड्याळाला मागे ओढतो. उंची घड्याळाला पुढे नेते. हिसका कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

मनोरा, विमान आणि उपग्रह

१९६० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी फक्त २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात गुरुत्वाचा हा परिणाम मोजून दाखवला. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेल आणि रिचर्ड कीटिंग हे अणुघड्याळं घेऊन प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. पूर्वेकडे जाताना घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे जाताना सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पूर्वेकडे पृथ्वीच्या फिरण्याचा वेग विमानाच्या वेगात मिळतो, पश्चिमेकडे वजा होतो. दोन्ही खाती जुळली.

आणि मग हा विषय लष्कराच्या हातात आला. २३ जून १९७७ रोजी अमेरिकेने एनटीएस-२ हा उपग्रह सोडला. जीपीएसची ती पूर्वतयारी. सापेक्षतेचा परिणाम खरोखर इतका असेल का, याबद्दल काही अभियंत्यांना शंका होती. म्हणून पहिले वीस दिवस घड्याळ दुरुस्ती न करता तसंच चालू दिलं. ते भाकितानुसारच पुढे गेलं. शंका मिटली.

जीपीएस उपग्रहाचा हिशेब असा. उंचीमुळे घड्याळ रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे सुमारे ७ मागे येतं. निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. सगळे उपग्रह सारखेच पुढे गेले तर चुकीचा बराच भाग आपसात कटतो, त्यामुळे 'दुरुस्ती नसती तर रोज अकरा किलोमीटर चुकलो असतो' हे वाक्य थोडं सैल आहे. पण जमिनीवरच्या वेळेशी बांधलेली व्यवस्था अशा घड्याळांवर चालत नाही. म्हणून उपग्रहाचं घड्याळ जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित संथ लावून वर पाठवतात.

कारगिल

कारगिलच्या वेळी अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली, ही गोष्ट तुम्ही अनेकदा ऐकली असेल. त्या वादात न शिरता, जे जाहीर आहे तेवढंच सांगतो. १९९९ च्या उन्हाळ्यात नागरी वापराचा जीपीएस संदेश मुद्दाम बिघडवलेला असे. हे धोरण सगळ्या जगासाठी होतं. त्याने जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ते बंद केलं.

बिघाड कसा करत? उपग्रहाच्या घड्याळाचे ठोके किंचित पुढे-मागे करून. शंभर मीटरची चूक घालायला सेकंदाचा तीस लाखावा भाग पुरतो.

माझी नोकरी तोफखान्यात गेली, म्हणून शंभर मीटर म्हणजे काय ते मला सांगता येतं. सपाट मैदानात शंभर मीटर म्हणजे दुरुस्ती देऊन पुढचा गोळा. कड्यावर शंभर मीटर म्हणजे गोळा डोंगराच्या पलीकडे, किंवा वर चढणाऱ्या आपल्याच जवानांत. तोलोलिंग आणि टायगर हिल घेताना आपले गोलंदाज आणि निरीक्षक नकाशा, दुर्बीण आणि डोळे यांच्या भरवशावर लढले, आणि ते शिकवण्याची आपली परंपरा उत्तम होती. पण धडा स्पष्ट होता. ज्याच्या हातात घड्याळ, त्याच्या हातात नकाशा.

आपली घड्याळं

२००६ मध्ये भारत सरकारने स्वतःच्या दिशादर्शक उपग्रहमालेला मंजुरी दिली. १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए निघाला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा, आणि मालेला 'नाविक' हे नाव मिळालं. हे उपग्रह जीपीएसपेक्षा उंच, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. तिथे उंचीचं खातं रोज सुमारे ५१ मायक्रोसेकंद पुढे, वेगाचं साडेचार मागे. निव्वळ साडेशेहेचाळीस पुढे.

आणि संकट आलं ते नेमकं घड्याळांवर. पहिल्या उपग्रहावरची तीनही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. ती आयात केलेली होती. उपग्रह आकाशात होता, संदेश पाठवू शकत होता, पण जागा सांगण्यासाठी निरुपयोगी झाला होता. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह प्रक्षेपकाचं आवरण न उघडल्याने गेला. एप्रिल २०१८ मधला पोहोचला. दरम्यान अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ तयार झालं, आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ ते घेऊन वर गेला. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये निघाला, पण झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. ही वाट सरळ नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं आहे.

जमिनीवरही काम चालू आहे. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. ती वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या केंद्रांतून देशभर पोहोचवायची योजना आहे, म्हणजे बँका, वीजवाहिन्या आणि दूरसंचार परक्या उपग्रहाच्या वेळेवर अवलंबून राहणार नाहीत. आणि इथेही आइन्स्टाइन आहेतच. बंगळुरू फरिदाबादपेक्षा सुमारे सातशे मीटर उंच आहे, म्हणून तिथलं घड्याळ रोज सहा-सात नॅनोसेकंद पुढे जाणार. दोन्ही घड्याळं निर्दोष, दोन्ही खरी, तरी वेगळी. जगाची अणुवेळ ठरवतानाही १९७७ पासून प्रत्येक घड्याळाच्या उंचीची वजाबाकी करतात.

म्हणजे १९०६ मध्ये रागावलेल्या मुंबईकरांचं म्हणणं एका अर्थाने शास्त्राला धरूनच होतं. प्रत्येक जागेला तिची स्वतःची वेळ असते, अगदी गच्चीला आणि तळघरालासुद्धा. सर्वांची मिळून एक वेळ निसर्गात कुठे सापडत नाही. ती कोणीतरी हिशेब करून ठरवावी लागते, आणि बाकीच्यांनी त्या हिशेबावर विश्वास ठेवावा लागतो. तेव्हा हिशेब कलकत्त्याहून राज्य करणारं सरकार करत होतं. १९९९ मध्ये आकाशातल्या वेळेचा हिशेब वॉशिंग्टनकडे होता. आज तो करण्याचं सामर्थ्य आपल्याकडे येतंय, सावकाश, अडखळत, पण येतंय.

हे सामर्थ्य कडेकोट पहाऱ्यात ठेवण्याइतकं मोलाचं आहे. लेहच्या चौकीवरच्या जवानाला त्याची जागा सांगणारा संदेश ज्या घड्याळावरून निघतो, ते आपल्याच माणसांनी बनवलेलं आणि आपल्याच माणसांनी लावलेलं असायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात नकाशांबद्दल बोलू : डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाने हिमालय कसा मोजला. तोवर नमस्कार. जय हिंद.